पोटात नसलेला गोळा

द्वारकाबाईबद्दल परतुरात कुणी चांगलं बोलत नसे, आणि तिलाही त्याची काही पडलेली नव्हती. तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोर आडत्या आहे की पोलीस पटेल, हे ती बघायची नाही. दुधात पाणी घालते असा कुणी नुसता संशय घेतला, तरी त्याच्या दारात जाऊन चरवी उपडी करायची आणि वर म्हणायची, "घे, चाटून बघ." अशा बाईचा नवरा मुका निघावा, हा देवाचा न्याय आहे असं गावाचं मत होतं. देवाची मतं गावाला फार लवकर कळतात.

नवरा काही जन्माचा मुका नव्हता. पुंजाराम लढाईवर गेला तेव्हा चांगला थट्टेखोर गडी होता. भरती करणारे परतूरच्या स्टेशनावर आले, तेव्हा थोरला भाऊ रामराव यानेच त्याला पुढे ढकललं होतं. घरात दोन दांडगे पुरुष काय करायचे, एकाने पलटणीत जावं, असा त्याचा हिशेब. पुढची तीन वर्षं रामराव बाजारात मिशीवर ताव देत फिरला. "आमचा पुंजा ब्रह्मदेशात जपान्याला पळवून राह्यला," असं तो जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या सोडता सोडता कुणालाही सांगायचा. जसा काही हाच मागून पुंजारामाच्या बंदुकीत काडतुसं भरत होता.

लढाई संपली आणि पुंजाराम आला. हात होते, पाय होते, डोळे होते. अंगावर खाकी कोट होता. लोक बघायला जमले, तर हा गोठ्यात जाऊन म्हशीपलीकडे बसला. जपान्याची गोष्ट सांग म्हणून पोरं मागे लागली, तेव्हा त्याने नुसतं भिंतीकडे तोंड केलं. द्वारकाबाईने पहिले आठ दिवस गोड बोलून पाहिलं. गोड बोलणं हा तिचा प्रांत नव्हे. नवव्या दिवशी ती म्हणाली, "तोंड लढाईत इसरून आले का?" त्यावरही तो काही बोलला नाही. मग तिलाही राग आला. तीन वर्षं सासरच्या म्हशींच्या धारा काढल्या, शेणात हात घातले, ते ह्या दगडाची वाट बघत?

त्या साली कापूस चांगला पिकला होता. दिवाळी झाली आणि स्टेशनात मालगाड्यांची वर्दळ सुरू झाली. यांचं घर रुळांना लागूनच. डब्याला डबा जोडताना जो दणका बसायचा, त्याने भांडी हलायची. गावाला त्याची सवय होती. द्वारकाबाई अंगणात गोवऱ्या थापत होती, तेवढ्यात असा एक दणका बसला आणि गोठ्यातून पुंजाराम सुटला तो थेट तिच्या अंगावर. तिला पालथी पाडून तो वर पडला. तिचं तोंड दगडावर आपटलं, पुढचा एक दात गेला. हा तिच्या कानात ओरडत होता, "गोळा! गोळा आला! आडवे व्हा!" मग बाजूला गडगडला आणि गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी पोट आवळून थरथरत पडून राहिला.

सासू चतुराबाई धावत आली, रामराव आला, शेजारपाजार कुंपणाला लागला. द्वारकाबाई रक्त थुंकत होती आणि शिव्या देत होती.

"काय झालं? काय म्हनला त्यो?" सासूने विचारलं.

"गोळा आला म्हनं! गोळा!"

"अगं बया, मंग पोटात गोळा उठला असंल माझ्या लेकराच्या," चतुराबाई म्हणाली. "बघ की, पोट कसं धरून राह्यला. माझ्या बापालाबी उठायचा. गोळा उठला की मानसाला आडवंच व्हावं लागतंय."

झालं. एवढ्यावर निदान झालं. पोटात गोळा उठतो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि पोटातल्या गोळ्यावर डाग द्यायचा हेही सगळ्यांना ठाऊक. मालगाडीचा दणका कुणी मोजलाच नाही, कारण तो रोजचाच होता. आणि लढाईतून आलेल्या माणसाच्या तोंडी 'गोळा' म्हणजे काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. द्वारकाबाईच्याही नाही. शहाणी म्हणून मिरवणाऱ्या तिच्या जिभेने त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं टळलं असतं. पण तिला आपल्या दाताचं दुःख होतं.

डाग देण्यात बद्रीनाथचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. ढोरांना डागायचा, माणसांनाही डागायचा, आणि दोघांत फार फरक करायचा नाही. त्याने विळा निखाऱ्यांत लाल केला. रामरावाने आणि दोन शेजाऱ्यांनी पुंजारामाचे हात धरले. पाय द्वारकाबाईने धरले. घट्ट धरले, हे सांगितलंच पाहिजे. बेंबीच्या उजव्या अंगाला विळा टेकला तेव्हा पुंजाराम ओरडला नाही. त्याने फक्त मान वर करून पाय धरणाऱ्या बायकोकडे पाहिलं. तरी तिने पाय सोडले नाहीत.

आणि गंमत बघा, गुण आला. कापसाचा हंगाम सरला, मालगाड्या कमी झाल्या, दणके थांबले, आणि पुंजारामाचा गोळा बसला. बद्रीनाथ पार सेलूपर्यंत प्रसिद्ध झाला. रेल्वेने त्याला वाटा मागितला नाही एवढंच.

पुढल्या दिवाळीनंतर पुन्हा कापूस आला, पुन्हा डबे आदळले आणि पुन्हा गोळा उठला. या खेपेला रामरावाची चव गेली होती. पलटणीतला भाऊ म्हणून मिरवायचं, आणि भाऊ बाजारात पत्र्याचा डबा पडला तरी बैलगाडीखाली घुसतो. लोक तोंडावर हसू लागले होते. कुणी म्हणे भित्रा, पळून आला असेल. कुणी म्हणे ढोंगी, कामाचा कंटाळा. रामरावाला दोन्ही पटायचं. दुखणं खोटं आहे असं तो सकाळी म्हणायचा आणि दुपारी त्याच खोट्या दुखण्यावर डाग द्यायला बद्रीनाथला बोलवायचा.

दुसरा डाग डाव्या अंगाला बसला आणि चिघळला. पुंजाराम तापाने फणफणला, जखमेला घाण सुटली. द्वारकाबाई हळद-तेलाचे बोळे बदलत राहिली आणि घरादाराला शिव्या मोजत राहिली. तो जगला. बद्रीनाथ बघायला आला आणि म्हणाला, "गोळा चिवट हाय. आता तिसरा बराबर बेंबीवर. येत्या आमावस्येला. त्यानं फुटला त फुटला."

"आन् न्हाई फुटला त?" द्वारकाबाईने विचारलं.

"मंग मानूस फुटतो," बद्रीनाथ म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

बेंबीवरचा डाग पुंजाराम सोसणार नाही, हे तिला दिसत होतं. पहिल्याच डागाची कातडी त्याच्या पोटावर चुरगळलेली होती, दुसरा अजून ओला होता. ती सासूपाशी बोलली, तर सासू रडली आणि म्हणाली, रामराव करेल ते खरं. रामराव भावजयीशी सरळ बोलायचा नाही, थोरला दीर ना. तो आईकडे तोंड करून म्हणाला, "आई, तिला सांग. आमच्या घरात बायका इलाज ठरवत न्हाईत."

स्टेशनमास्तरांच्या घरी द्वारकाबाई दूध घालायची. तिथल्या बाईंना तिचं तोंड आवडायचं. त्या म्हणाल्या, जालन्याला मस्तगडात वामनराव म्हणून एक डॉक्टर आहेत, फौजेच्या इस्पितळात होते, पण फार तिरसट. "तिरसट चालंल," द्वारकाबाई म्हणाली. "गोड मानसांनीच डागलं त्यांना." माहेरी जाते अशी थाप मारून तिने नवऱ्याला गाडीत घातलं. जालना येईपर्यंत पुंजाराम बाकाखाली बसला होता. डब्यातल्या लोकांनी खाली वाकवाकून पाहिलं. तिने आपला पदर बाकावरून खाली सोडला आणि एकेकाची नजर अशी परतवली की पुन्हा कुणी वाकलं नाही.

डॉक्टर खरंच तिरसट निघाले. उंच, हडकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"काय होतंय?"

"पोटात गोळा उठतो ह्यांच्या."

त्यांनी पुंजारामाला टेबलावर झोपवलं, सदरा वर केला, आणि ते डाग बघून त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कुणी केलं? ढोर आहे का हा?" त्यांनी पोट इकडून दाबलं, तिकडून दाबलं. "कुठंय गोळा? काही नाही पोटात. बिलकुल काही नाही! अडाणी लोक, माणसं भाजता आणि मग मेली की आमच्या दारात आणता!" आणि रागाच्या भरात त्यांनी बाजूचं तामचिनीचं तबक उचलून फरशीवर फेकलं.

तबक आदळल्याबरोबर पुंजाराम टेबलावरून उडाला. द्वारकाबाईचं मनगट धरून त्याने तिला खाली खेचली, टेबलाखाली ढकलली आणि स्वतः तिच्यावर पालथा पडला. "गोळा! आडवे व्हा!" त्याची छाती तिच्या पाठीवर धडधडत होती. त्याचा एक पंजा तिच्या डोक्यावर होता. मारायला नव्हे. तिचं डोकं त्याने पंजाखाली झाकून घेतलं होतं, आणि दुसऱ्या हाताचा कोपर तिच्या मानेवर आडवा धरला होता. घरच्या अंगणातही तो असाच पडला होता, पण तेव्हा तिला फक्त दगड लागला होता.

डॉक्टर जागेवरून हलले नाहीत. थोड्या वेळाने ते फरशीवर मांडी घालून बसले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "जवान. कुठला गोळा?"

टेबलाखालून उत्तर आलं. दोन वर्षांत इतकं स्वच्छ तो बोलला नव्हता.

"तोफेचा, साब."

द्वारकाबाईला आठवले ते पाय. आपण दोन्ही हातांनी दाबून धरलेले त्याचे पाय. हा माणूस तिला वाचवत होता, आणि तिने त्याला डागायला धरला होता. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं आपण दुसऱ्यांना हसून म्हणतो. तिने ते आपल्या हाताने केलं होतं. तिला तिथेच, त्या टेबलाखाली, स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

पुंजाराम कोपऱ्यात शांत बसल्यावर डॉक्टर सांगू लागले. सांगताना पुन्हा चिडलेच. "फौजेत असे शेकड्याने पाहिलेत मी. तोफ बंद होते, यांच्या डोक्यातली बंद होत नाही. आधीच्या लढाईत असल्यांना भित्रे ठरवून त्यांच्याच लोकांनी गोळ्या घातल्या. मग गोऱ्या डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं, पुढे ते बदललं, या लढाईत आणखी बदललं. आमच्याकडे गळ्यात चिठ्ठी बांधायचे, 'थकला' म्हणून. झोपेचं औषध देऊन दिवसदिवस झोपवायचे, खाऊ घालायचे, बोलतं करायचे. काही सुधारले. काही नाही सुधारले. का, ते अजून कुणाला ठाऊक नाही. शोधताहेत."

"शोधून राह्यले म्हंजे औषध न्हाई," द्वारकाबाई म्हणाली.

"झोपेच्या पुड्या देतो. बाकी नाही."

"मंग एवढं वरडता कशाच्या जिवावर?"

डॉक्टरांची नजर पुंजारामाकडे वळली, आणि त्या नजरेत तिला काही बरं दिसलं नाही. बद्रीनाथ विळा तापवताना असाच बघायचा. डॉक्टर हळूच खाली वाकले आणि त्यांनी ते तबक उचललं. "एकदा फक्त बघू. या खेपेला किती वेळात सावरतो ते. समजून घ्यायचं तर पाहायला नको का?"

तिने तबक त्यांच्या हातातून हिसकावलं. "समजून घ्यायचं आसंल त इचारा. त्यो मानूस हाय. न्हाई त तुमच्यावानी तबकं फेकनाऱ्यालाच टेबलावर निजवा तपासायला."

वामनराव ओशाळले. ओशाळलेला डॉक्टर जास्तच खेकसतो. "जा घेऊन! डागू नका, ओढून उभा करू नका, बोलला तर तोंड बंद करू नका. त्याच्या मनात काय अडकलंय ते तोच सांगेल. मला नाही सांगणार, तुम्हाला कधीतरी सांगेल." पुड्यांचं काही घेतलं नाही त्यांनी. द्वारकाबाईने तबक टेबलावर ठेवलं. आवाज होऊ न देता ठेवलं.

परतूरला दोघं उतरली तेव्हा ऊन कलायचं होतं. अंगणात निखारे फुलले होते आणि विळा आत खुपसलेला होता. माहेरची थाप रामरावाने पकडली होती. अमावस्या दोन दिवसांवर होती, पण बद्रीनाथच म्हणाला, आजच डाग देऊन टाकू, ही बाई पुन्हा पळवंल.

"गोळा पोटातला न्हाई," द्वारकाबाई दारातूनच ओरडली. "तोफेचा हाय. लढाईतला. डाक्टरनं सांगितलं, आन् ह्यांनी सोता सांगितलं."

बद्रीनाथला हसू फुटलं, आणि कुंपणाला लागलेलं अख्खं गाव हसलं.

"तोफेचा? मंग तोफ कुठंय, वहिनी? म्हशीखाली लपवली का?"

"आई, तिला म्हनाव घरात जाय," रामराव म्हणाला. त्याच्या हातात दोर होता. "दोन वर्सं झाली लढाई सरून. आता कुठली आली तोफ? भित्र्याला बायकोबी भित्र्यावानीच भेटली."

चतुराबाई मध्ये उभी होती, तोंडात पदर. ती लेकाकडेही बघेना आणि सुनेकडेही. शेजारचे दोघे पुढे झाले. पुंजारामाने विळा पाहिला होता. तो पळाला नाही, ओरडला नाही, उलट आपणच सदरा वर करू लागला. एवढा तो डागाला सरावला होता.

आणि स्टेशनात डबा डब्यावर आदळला.

"गोळा!" पुंजाराम किंचाळला. "आडवे व्हा! आडवे व्हा!"

तो तिच्याकडे झेपावणार, तोच द्वारकाबाई आपण होऊन जमिनीवर पडली. भर उजेडात, साऱ्या गावासमोर, शेणा-मातीत पालथी. "पडले!" ती ओरडली. "म्या पडले, या!" तो येऊन तिच्यावर पडला, आणि ती खालून वळली आणि तिने दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. त्याच्या पाठीवर बोटांत बोटं अडकवून घेतली.

गाव हसायचं थांबलं. लाजेने थांबलं, दयेने नव्हे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका, आणि ही अशी! कुणी तोंड फिरवलं, कुणी थुंकलं. रामराव दोर घेऊन दोन पावलं आला आणि अडला. पुंजारामाला ओढायचं तर आधी तिचे हात सोडवायला हवेत, आणि थोरला दीर भावजयीच्या अंगाला कसा हात लावील? तिची सावली अंगावर पडली तरी आंघोळ करणारा माणूस तो. शेजाऱ्यांनीही हात मागे घेतले. परक्याची बायको धरली असं उद्या बाजारात निघालं असतं. बद्रीनाथ लाल विळा घेऊन त्यांच्याभोवती फिरला, पण टेकवायला जागा नव्हती. पोट दोघांच्या मध्ये बंद होतं.

"सोड त्याला, बेशरम!" रामराव पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलला.

"डागा," ती म्हणाली. "मला डागा आधी. लावा हात."

विळा काळा पडला. पुंजारामाचं थरथरणं हळूहळू कमी झालं. त्याचा श्वास तिच्या कानाशी लागत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "कचरू कुठंय?"

हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. "कोन कचरू?"

"परभनीकडला. माझ्या बाजूला आस्तो. त्याला म्हनलं म्या, आडवा हो. त्यो हासला. म्हनला, लई लांबचा हाय रं हा, बिडी वढू दे." तो थांबला. "कुठंय त्यो?"

तिला खोटं सांगता आलं असतं. पण दुधात पाणी तिने कधी घातलं नव्हतं.

"त्यो मेला असंल," ती म्हणाली. "त्यो आडवा झाला न्हाई ना."

पुंजाराम रडला. पहिला विळा टेकला तेव्हा न निघालेला आवाज आता निघाला, गुरासारखा, आणि कुंपणावरचे लोक एकेक करून निघून गेले. रामराव तेवढा उभा राहिला. "नाटक सरलं की चूल येगळी करा," तो म्हणाला, "माझ्या घरात हे चालनार न्हाई." त्याच रात्री त्याने त्यांना गोठ्याच्या बाजूला काढलं, आणि चतुराबाईनेही अडवलं नाही. पुढे गावाने द्वारकाबाईचं नावच 'आडवी' ठेवलं. पुंजाराम काही पुरता बरा झाला नाही. तिसरा डाग मात्र त्याच्या पोटावर कधी बसला नाही.

पण त्या संध्याकाळी अजून ती दोघं अंगणातच पडलेली होती. रडून झाल्यावर पुंजारामाने मान वर केली आणि आपण कुठे आहोत ते पाहिलं. खाली बायको, तिच्या तोंडावर माती. तो गोंधळला.

"तू कामून आडवी झाली?" त्याने विचारलं. "तुला कोनं सांगितलं?"

"तुमीच," द्वारकाबाई म्हणाली. "दोन वर्सं सांगून राह्यले. मलाच आयकू आलं न्हाई."